आवाज कुठून येतोय

आमच्या घरमालकांच्या गाडीत बसायचे काही नियम होते. काचा वर करून बसायचं, कारण वारा आवाज करतो. एसी लावायचा नाही, कारण त्याचा पंखा आवाज करतो. आणि बोलायचं नाही, कारण माणूस आवाज करतो. हे नियम बाराही महिने लागू होते. त्या बारा महिन्यांत एप्रिल आणि मे येतात, आणि ते सोलापुरात येतात. त्या बंद गाडीत मी जेवढा घाम गाळला तेवढा सरकारी नोकरीत आजवर गाळलेला नाही, पुढेही गाळीन असं वाटत नाही.

हे सगळं कशासाठी, तर गाडीत कुठंतरी काहीतरी वाजत होतं. काय वाजतंय आणि कुठं, हे शोधून काढणं एवढंच मालकांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याचं काम होतं. इतर निवृत्त माणसं कुंड्यांना पाणी घालतात, सकाळी फिरायला जाऊन सरकारला शिव्या देतात. आमचे मालक गाडीचं दार उघडून, डोकं आत घालून आडवे झालेले असायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त पाय दिसायचे. गल्लीत नव्या माणसाला पत्ता सांगताना लोक सरळ सांगत, पाय बाहेर आलेली पांढरी गाडी दिसली की तिच्या पलीकडचं घर.

मी मूळचा माळशिरसकडचा. बायको तिकडं शाळेत शिक्षिका आणि माझी बदली सोलापुरात, म्हणून जुळे सोलापुरात एकट्यापुरती खोली शोधत होतो. घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी नोकरी विचारली नाही, भाडं वेळेवर द्याल ना असंही विचारलं नाही. "तळहात बघू," म्हणाले. मला वाटलं, भविष्य बघतात. त्यांनी हात दाबून बघितला, उलटा केला, परत सुलटा केला, जड आहे, चालेल, असं म्हणून किल्ली दिली. तो हात डॅशबोर्ड दाबून धरायला हवा होता हे मला पहिल्याच रविवारी समजलं.

नावाने त्यांनी मला कधीच हाक मारली नाही. मी वर राहायचो म्हणून मी 'वरचे'. रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावला रे लावला की खालून हाक यायची, "अहो वरचे, रिकामे हाव का? जरा या की खाली." रिकामा नाही असं सांगायची भाडेकरूला सोय नसते. मी खाली जायचो आणि पुढच्या सीटवर बसून, दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून, सगळ्या जुळे सोलापुरातून देवळातल्या मूर्तीसारखा मिरवत जायचो. ते गाडी चालवायचे आणि म्हणायचे, "डावा उचला. आता ठेवा. आता उजवा उचला." मी उचलायचो आणि ठेवायचो. लोक बघायचे.

मालक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आख्खी नोकरी लाइन तपासण्यात गेली. कानाला यंत्र लावायचं, खरखर ऐकायची आणि बिघाड कुठल्या खांबापाशी आहे ते सांगायचं. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं ते स्वतः सांगत, आणि मला ते खरं वाटतं. एकदा मी त्यांना विचारलं की लाइन तपासताना लोकांचं बोलणंही ऐकू येत असेल ना. किती भांडणं, किती सोयरिकी, किती बऱ्यावाईट बातम्या त्या कानातून गेल्या असतील. ते म्हणाले, येत आसंल की, पण आपलं लक्ष खरखरीवर. या एका वाक्यात सगळे मालक आले. बाकी मी जे सांगतोय ते नुसतं पुरवणी म्हणून.

समोरचा माणूस बोलायला लागला की ते मान तिरकी करून डावा कान पुढे आणायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय मन लावून ऐकतायत. तो बिचारा आणखी खुलून बोलायचा. बराच वेळ बोलून झाला की मालक वर बोट दाखवून म्हणायचे, फॅनचं एक पातं ढिलं हाय.

गाडी छोटी, पांढरी, दुसऱ्याकडून घेतलेली. खरं सांगायचं तर कुठलीही जुनी गाडी वाजते तेवढीच ती वाजत होती. त्यांनी सुरुवातीला एकदा ती मेकॅनिककडे नेली होती. त्याने चक्कर मारली आणि म्हणाला, काका, गाडी हाय, वाजणारच की. त्या दिवसापासून ते त्या गॅरेजवरून जाताना तोंड फिरवायचे. देवाला शिवी दिलेली त्यांनी एक वेळ चालवून घेतली असती.

प्रत्येक आवाजाला त्यांनी नाव ठेवलं होतं. डॅशबोर्डमागे कुरतडल्यासारखं वाजायचं तो उंदीर. सीटबेल्टच्या बकलाचा रातकिडा. डावं दार गतिरोधकावरून जाताना खोकायचं, तो म्हातारा. आणि सगळ्यात वाईट तो पाव्हणा, जो न सांगता यायचा आणि बघायला गेलं की नसायचा. ते घरात येऊन काकूंना, म्हणजे मालकीणबाईंना, सांगायचे, आज म्हातारा गप होता, पण पाव्हणा आला. काकू तव्यावरची भाकरी उलटत म्हणायच्या की खऱ्या घरात खरा पाहुणा येऊन वर्ष झालं.

त्यांची हत्यारं घरातलीच. पॅनेल लोखंडी पान्याने उचकटलं तर क्लिपा तुटतात, म्हणून ते काकूंचं लाकडी उलथणं वापरायचे. काकूंनी नवं आणलं की आठवड्यात ते गाडीत जायचं. कानात घालायला गॅसच्या शेगडीच्या रबरी नळीचा तुकडा. एक टोक कानात, दुसरं डॅशबोर्डच्या फटीला. पॅकिंगला सोलापुरी चादर. घरातल्या चांगल्या दोन चादरी फाडून केलेल्या पट्ट्या त्यांनी दारांत, सीटखाली, दिव्यांमागे कोंबल्या होत्या. टॉवेल वेगळे. वरून खात्यातल्या जुन्या टेलिफोनच्या तारेने सगळं करकचून बांधलेलं. गाडीत जेवढं कापड होतं तेवढं त्या घरातल्या एकाही कपाटात नव्हतं. एकदा दारांच्या रबराला त्यांनी खोबरेल तेल लावलं. कुरकुर थांबली, पण मुंग्या लागल्या. मग त्या महिन्यात मी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून मुंग्या चावून घेत फिरलो.

आवाज यायला रस्ता खराब लागतो. त्यासाठी त्यांनी विजापूर रोडच्या मागे एक गल्ली धरून ठेवली होती. पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवलेली, मग अर्धवट बुजवलेली. तिथला एकेक खड्डा त्यांच्या ओळखीचा. एके दिवशी महापालिकेने ती गल्ली डांबर टाकून गुळगुळीत केली. सगळी गल्ली खूश, लोकांनी पेढे वाटले. मालक मात्र वॉर्डातल्या नगरसेवकाकडे तक्रार घेऊन गेले की रस्ता का केला. नगरसेवकाच्या आयुष्यात अशी तक्रार पहिल्यांदाच आली असणार. त्याने त्यांना चहा पाजला आणि नंतर माझ्याकडे माणूस पाठवून विचारलं की काकांचं सगळं बरं आहे ना.

काकू अक्कलकोटकडच्या. फार राग आला की त्या कन्नडमध्ये बोलायच्या, म्हणजे भाडेकरूला समजू नये. पण राग आवाजातच समजतो. मालकांना तोही समजायचा नाही, कारण ते आवाज कुठून येतोय ते बघायचे, कशामुळे येतोय ते नाही. गाडीत बसताना काकूंना हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून त्यावर रुमाल बांधावा लागायचा, मंगळसूत्र पदराच्या आत घालावं लागायचं. बहिणीकडे हळदीकुंकवाला निघालेल्या काकू गाडीत बसल्या की हाताला दुखापत होऊन दवाखान्यात चालल्यासारख्या दिसायच्या.

असेच एकदा आम्ही अक्कलकोटला निघालो होतो. वळसंगच्या आसपास मागून नवा आवाज सुरू झाला, कोरडा, खर्र खर्र असा. मालकांनी गाडी बाजूला घेतली आणि भर उन्हात मागची सीट काढली. सीट धरून उभं राहायचं काम माझं. काकू मांडीवर डबा घेऊन दगडावर बसल्या. मालकांनी चादरीच्या पट्ट्या नव्याने बांधल्या, सीट बसवली, आम्ही निघालो. काकूंनी डबा शेजारी ठेवला आणि आवाज परत सुरू झाला. परत थांबलो, परत सीट काढली. मला एव्हाना समजलं होतं, काकूंना पहिल्यापासूनच माहीत होतं, पण बोलायचं नाही हा नियम त्यांनी केलेला नव्हता. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा काकूंनी डबा उघडला, बहिणीसाठी नेलेल्या कडक भाकरीतली एक काढली आणि मालकांच्या कानापाशी नेऊन कडाकड मोडून खाल्ली. वर कन्नडमध्ये काहीतरी बराच वेळ बोलल्या. मालक म्हणाले, तरीपण सीटचा एक बोल्ट ढिला होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि मी नेत होतो. सुजाताची गोष्ट मात्र तशी नव्हती.

सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. मितभाषी, सरळ. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची, आणि परीक्षा देऊन तिला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात कायमची नोकरी लागली होती. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. नेमकं त्याच वेळी काकूंच्या भावाने सांगोल्याचं स्थळ आणलं. डाळिंबाची मोठी बाग, मोठं घर, मुलगा बागच बघायचा. मुलगी त्यांना पसंत पडली. त्यांचं म्हणणं एकच होतं, सुनेने नोकरी करायची नाही, घरात काही कमी नाही. मामाने परस्पर होकार देऊन टाकला आणि दिवसही ठरवला. मुलीकडच्यांनी जाऊन घर बघायचं आणि तिथंच पाचपन्नास माणसांसमोर सुपारी फोडायची. आमच्या भागात एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग मागं फिरणं नाही.

सुजाताला ते लग्न नको होतं. तिला कोल्हापूरला जायचं होतं. तिने हे आईला सांगितलं. आई म्हणाली, मी तुझ्या बाबांना सांगून बघितलं, ते म्हणाले बांगड्या वाजतायत. मग सुजाता स्वतः सांगायला आली. मी तेव्हा तिथंच होतो, म्हणून मला हे माहीत आहे. मालक डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे होते, नळी कानात. ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला सांगोल्याला लग्न करायचं नाहीये. मला नोकरीवर हजर व्हायचंय. तुम्ही मामाला नाही म्हणून सांगा."

आतून आवाज आला, "हितं दाब. डाव्या कोपऱ्यात. जोरात."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वाकून डाव्या कोपऱ्यात दाबलं. ते म्हणाले, हां, आता गेला. ती थोडा वेळ तशीच दाबून उभी राहिली, आणि मग घरात निघून गेली. मला त्यावेळी मालकांच्या त्या बाहेर आलेल्या पायांवर एक काठी घालावीशी वाटली. मी घातली नाही. भाडेकरूच्या रागाला फार लांबची वाट नसते.

सुपारीच्या दिवशी मला पहाटेच जाग आली. दात घासत गॅलरीत आलो तर खाली गाडीचं दार उघडं आणि सुजाता पुढच्या सीटवर बसलेली. आदल्या दिवशी काकूंनी वर्षाची चिंच फोडली होती, सुपात चिंचोके पडलेले होते. त्यातले मूठभर तिच्या हातात होते. पुढच्या काचेच्या बुडाशी, डॅशबोर्डवर, हवा यायची जी बारीक जाळी असते, तिच्या फटीतून ती एकेक चिंचोका आत घालत होती. घाई नव्हती. प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवत असेल तशी ती घालत होती. तिने वर बघितलं, मी दिसलो. ती हसली नाही, घाबरलीही नाही. पायरीवर काकू बसल्या होत्या, त्याही तिच्याकडेच बघत होत्या आणि शांतपणे बांगड्यांवर रुमाल बांधत होत्या. मी आत गेलो आणि चूळ भरली.

दुपारचा मुहूर्त होता. मालकांनी नवा पांढरा सदरा घातलेला. मी पुढे, हात डॅशबोर्डवर, मायलेकी मागे. सोलापूर सोडलं आणि मंगळवेढ्याच्या रस्त्याला पहिलं वळण आलं. डॅशबोर्डाच्या आत डावीकडून उजवीकडे काहीतरी टुर्रकन गेलं. मालकांचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्या वळणावर ते उजवीकडून डावीकडे परत आलं.

"गप बसा सगळे," ते म्हणाले. कोणी बोलतच नव्हतं. मी आरशात बघितलं. सुजाता खिडकीतून बाहेर बघत होती.

असा आवाज त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. उंदीर नाही, म्हातारा नाही, पाव्हणा तर नाहीच. सरळ रस्त्यावर चिडीचूप, आणि वळण आलं किंवा ब्रेक लावला की हजर. त्यांचा चेहरा उजळला होता. मला ते बघून फार चमत्कारिक वाटलं. मुलीची सुपारी फोडायला निघालेल्या बापाचा चेहरा मी पहिल्यांदा एवढा आनंदी बघत होतो, आणि त्या आनंदाचा सुपारीशी काही संबंध नव्हता.

कामतीच्या पुढे एका हॉटेलापाशी लिंबाच्या सावलीत त्यांनी गाडी लावली. टॉवेलात गुंडाळलेली हत्यारं काढली, उलथण्याने डॅशबोर्डचं वरचं झाकण उचकटलं आणि चादरीच्या पट्ट्यांचा ढीग बाहेर काढला. पण उभ्या गाडीत तो आवाज कसला येतोय. मग मला चालवायला बसवलं आणि स्वतः पुढच्या सीटच्या पायाशी आडवे झाले. मी हॉटेलच्या अंगणात गोल गोल गाडी फिरवत होतो, ते कानाला नळी लावून आत, पाय बाहेर. हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांसाठी बाहेर खुर्च्या मांडल्या. सुजाता स्क्रूंची वाटी घेऊन सावलीत उभी होती आणि गाडी थांबली की वडिलांना हवा तो स्क्रू न चुकता देत होती. ते तिला म्हणाले, "शाब्बास. तुला कळतंय बघ यातलं." तिने कधी त्यांच्या तोंडून शाब्बास ऐकलं असेल असं मला वाटत नाही. तिने मान खाली घातली.

गाडीत फोन वाजलेला चालत नसे, म्हणून काकूंचा फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवलेला. मामाचा फोन येत होता. पर्समध्ये उजेड पडायचा आणि विझायचा. काकूंनी पर्सची चेन लावून घेतली आणि हॉटेलवाल्याला आणखी एक चहा सांगितला.

चिंचोके काही सापडले नाहीत. ते जाळीतून खाली हवेच्या नळीत उतरले होते. शेवटी डॅशबोर्डचं झाकण काकूंच्या मांडीवर देऊन आम्ही निघालो. सांगोल्यात पोचलो तेव्हा मुहूर्त होऊन गेला होता आणि पंगत अर्धी उठली होती. मामा दारातच लाल होऊन उभा. मला वाटलं, झालं, सुटली पोरगी. पण मुलाचे वडील सज्जन निघाले, आणि सज्जन माणसाचा असा राग मला तेव्हा पहिल्यांदाच आला. ते म्हणाले, गाडी हाय, बिघडती, त्यात काय येवढं, संध्याकाळचा मुहूर्त हाय की. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. सुजाताच्या ताटातलं काही कमी झालं नाही.

जेवणं झाल्यावर ते म्हणाले, ऊन उतरेपर्यंत बाग दाखवतो. दारात त्यांची नवीकोरी मोठी गाडी उभी होती, हार घातलेली. सुपारीसाठीच घेतली असावी. मालक पुढे बसले, मी आणि मामा मागे. बागेचा रस्ता कच्चा. थोडं गेलो आणि मालकांची मान तिरकी झाली. मी डोळे मिटून घेतले.

"वाजतीय," ते म्हणाले.

मुलाचे वडील म्हणाले, नवी हाय, पाव्हणं, न्हाय वाजायची. मालकांनी हात वर केला, सगळ्यांना गप केलं, काचा वर घेतल्या आणि हात लांब करून एसी बंद केला. सांगोल्याच्या उन्हात, स्वतःच्या नव्या गाडीत, मुलाचे वडील घामाने निथळत गप बसले. मामा मला कोपराने ढोसत होता, जसं काही माझ्या हातात होतं. बागेत उतरल्यावर सगळे डाळिंबं बघत पुढे गेले. थोड्या वेळाने मागून काहीतरी टचकन मोडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर मालक नव्या गाडीच्या डाव्या दाराचं पॅनेल उलथण्याने उचकटून उभे, हातात तुटलेली क्लिप. उलथणं त्यांनी सदऱ्याच्या आत खोचून आणलं होतं.

"हीच," ते आनंदाने म्हणाले. "मी सांगितलं न्हवतं?"

मुलाचे वडील लोंबणाऱ्या पॅनेलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमी हितं सोयरीक कराय आलाव का गॅरेज टाकाय?"

संध्याकाळचा मुहूर्त काही निघाला नाही. तरी निघताना मुलाच्या वडिलांनी डाळिंबाची एक पाटी गाडीत ठेवलीच. परतताना प्रत्येक वळणावर डॅशबोर्डात टुर्र होत होतं. मंगळवेढा गेल्यावर मालक म्हणाले, त्यांची गाडी वाजत होती, उगाच न्हाय म्हणत होते. सुजाता मागे आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. गाढ.

पुढच्या महिन्यात ती कोल्हापूरला गेली. मामाने बोलणं सोडलं. स्टँडवर पोचवायला मालकही आले होते. त्यांनी एसटीच्या खिडक्यांना एकेक करून कान लावला आणि मागच्या दोन खिडक्यांपाशी बसू नको, एवढाच मुलीला उपदेश केला.

टुर्र काही त्यांना सोडेना. पावसाळा गेला, थंडी आली, तरी ते शोधतच होते. एका रविवारी मला हाक आली तेव्हा डॅशबोर्ड सगळा अंगणात पसरलेला होता. त्यांनी हवेची काळी नळी उपटून काढली आणि उलटी धरली. त्यातून त्यांच्या तळहातावर एकेक करत चिंचोके पडले. घासून घासून चकचकीत झालेले.

ते बघत बसले. मग त्यांनी जाळी उचलून उजेडात धरली, एक चिंचोका तिच्या फटीला लावून बघितला. फॉल्ट शोधायचा म्हटलं की त्यांची अक्कल जागेवर असायची. आडवा लावला, जाईना. उभा लावून दाबला तेव्हा गेला.

"हे आपोआप पडलेले न्हाईत," ते म्हणाले. "कुणीतरी बसून एकेक घातलाय."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मान तिरकी न करता, सरळ बघितलं.

"तुमाला म्हाइत होतं?"

मी हो म्हणालो. काकूंनाही माहीत होतं, हेही सांगितलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि मला खोली बदलायची झाली तर बदलायची तयारी होती.

"मग मला का न्हाय सांगितलं पोरीनं?"

"सांगितलं होतं, काका," मी म्हणालो. "तुम्ही डॅशबोर्डखाली होता. ती म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही म्हणालात, हितं दाब."

अंगणात पसरलेल्या डॅशबोर्डमध्ये, चादरीच्या पट्ट्यांच्या मधोमध ते बसून राहिले. मला वाटलं, आता रडतात की काय. मग त्यांनी विचारलं, "कुटं दाब म्हणलो होतो?"

"डाव्या कोपऱ्यात."

"हां," ते म्हणाले. "ती क्लिप होती." ते उठून नळावर गेले आणि उगाच हात धूत राहिले. मला त्या माणसाचा एवढा राग येत आला होता, आणि त्या वेळी त्याची एवढी कीव आली, की दोन्हींचं काय करावं ते समजेना.

डॅशबोर्ड त्यांनीच परत बसवला. मी दाबून धरत होतो. झाकण लावायच्या आधी त्यांनी खिशातून एक चिंचोका काढला, नळीत टाकला आणि स्क्रू आवळले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही काकूंच्या बहिणीकडे अक्कलकोटला निघालो. वळसंगच्या वळणावर डॅशबोर्डात टुर्र झालं. एकच चिंचोका, पण स्वच्छ ऐकू आला. मालकांचा पाय उचलला गेला नाही. मागून काकू मुद्दाम म्हणाल्या, अहो, काहीतरी वाजतंय बघा.

"सुजाता बोलतीय," ते म्हणाले. "बोलू दे."

बराच रस्ता कोणी काही बोललं नाही, आणि पहिल्यांदाच त्या गाडीतलं ते न बोलणं नियमाचं नव्हतं. मग मालकांनी मान किंचित तिरकी केली.

"तुझ्या बांगड्या तेवढ्या जरा वर सरकव की."

काकूंनी बांगड्यांवरचा रुमाल सोडला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि अक्कलकोट येईपर्यंत दर वळणाला हात झटकत राहिल्या.